मागच्या भेटीचे आभार

ओलाउग म्हातारीचं नेमकं कुठे बिनसलं, हे नोमिनला पाच आठवडे कळलं नाही, आणि सबंध खोऱ्यात ते सांगेल असा एक माणूस निघाला नाही. या दुसऱ्या गोष्टीचा तिला जास्त राग होता. माणसं चिडतात, त्यात नवल नाही. पण चिडलेलं माणूस निदान चार शब्द बोलतं, दार आपटतं, शिव्या घालतं. इथे सगळे गोड हसत होते आणि हवेबद्दल बोलत होते.

नोमिन मंगोलियाची. घरी मेंढ्या, याक, घोडे. ऑस्लोत संगीत शिकायला येऊन तिला दोन वर्षं झाली होती. डोंगरावर चरायला गेलेल्या गाईंना बायका जी हाळी घालतात, तिच्यावर तिचा प्रबंध होता. आता ती हाळी जत्रेच्या स्टेजवर ऐकायला मिळते. भरजरी पोशाख, चांदीच्या पिना, माइक आणि समोर एकही गाय नाही. खऱ्या गाईंना खरी हाळी घालणारी एकच बाई या खोऱ्यात उरली होती, ती ओलाउग. वय अठ्ठ्याहत्तर, गाई दोन. दर उन्हाळ्यात ती त्यांना घेऊन वरच्या उन्हाळी गोठ्यावर राहायला जायची. तिची हाळी रेकॉर्ड झाली तर प्रबंध होणार होता. नाही तर दोन वर्षं पाण्यात. एक ऑगस्टला नोमिनला परत जायचं होतं.

पहिली भेट तर दृष्ट लागावी अशी झाली होती. एकवीस जूनला म्हातारीनेच तिला वर बोलावलं. आंबट सायीची लापशी, वर लोणी तरंगतंय, शेजारी खारवलेलं मांस आणि पापडासारखी पातळ भाकरी. नोमिनने दोनदा घेतलं. पहिल्याच दिवशी यंत्र बाहेर काढणं बरं दिसत नाही, म्हणून रेकॉर्डर पिशवीतच ठेवला. सहा वाजता म्हातारी उठली, फाटकापाशी गेली आणि तिने दागरोस आणि फ्रोया या दोघींना हाळी घातली.

नोमिनच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज इतका उंच गेला की तो बाईच्या गळ्यातून निघालाय हे खरं वाटेना. डोळे भरून आले, तशी तिने लाजून तोंड फिरवलं. वरून घंटांचा आवाज यायला लागला, गाई उतरल्या. नोमिन काही बोलली नाही. निघताना मात्र शिकवल्याप्रमाणे "जेवणाबद्दल आभार" म्हणाली. म्हातारी म्हणाली, "गोड मानून घे." दोघी हसल्या. सगळं छान झालं होतं.

मग माशी शिंकली कुठे?

दोनच दिवसांनी तळ्याकाठी उन्हाळी सणाची मोठी शेकोटी होती. अख्खा गाव जमलेला, हातात सॉसेजं, पोरं पाण्यात. ओलाउग घडीच्या खुर्चीत बसली होती. नोमिन आनंदाने धावतच तिच्याकडे गेली.

"ओलाउग! उद्या येऊ का मी वर? रेकॉर्डर घेऊन येते."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. जरा थांबली. आणखी काही ऐकायचं असल्यासारखी तोंडाकडे बघत राहिली. आजूबाजूच्या दोघीतिघीही गप्प झाल्या.

"हां हां," म्हातारी शेवटी म्हणाली. "उद्या गवत कापायचंय."

"मग परवा?"

"परवा पाऊस सांगितलाय."

आणि तिने मान शेकोटीकडे वळवली. परवा कडकडीत ऊन पडलं.

तिथून जे सुरू झालं त्याने नोमिनच्या नाकी नऊ आले. ती वर जाई तेव्हा म्हातारी लोणी घुसळत असे, नाही तर कुंपण दुरुस्त करत असे, नाही तर गोठ्यात वाकलेली असे. नाही असं ती कधी म्हणाली नाही. नाही म्हणाली असती तर नोमिनने बस धरली असती. ती म्हणायची, "बघू." ती म्हणायची, "हवा कशी राहते त्यावर आहे." गाईला हाळी घालायची आणि हवेचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती.

नोमिनने केक केला. म्हातारीने तो फाटकावरूनच घेतला, "अगं, कशाला एवढं," म्हणाली आणि फाटक लावून घेतलं. नोमिन कुंपण ओलांडून शेतात उतरली आणि तीन दिवस तारांवर ओलं गवत वाळत घालत राहिली. हात सोलवटले, डासांनी मान फोडून खाल्ली. तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "मदतीबद्दल आभार."

"त्यात काय! मग आता हाळी…?"

"घसा धरत नाही आता," म्हातारी म्हणाली आणि दाताळं उचलून चालू पडली.

घसा! डासांवर ओरडताना धरत होता की घसा! नोमिनचा तिळपापड झाला. एकदा तर ती सहाच्या सुमाराला मुकाट गोठ्यासमोरच्या कुंपणावर जाऊन बसली. गाई यायच्या वेळी हाळी घालावीच लागेल, तेव्हा कशी घालत नाही ते बघते, असं तिच्या मनात होतं. म्हातारी बाहेर आली, तिने नोमिनला पाहिलं, काठी घेतली, अर्धा डोंगर धापा टाकत चढली आणि दोन्ही गाईंना दोरीला धरून मुकाट्याने खाली घेऊन आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई! निव्वळ मला मिळू नये म्हणून, असं वाटून नोमिन त्या दिवशी रडली, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं.

ती राहत होती स्टाइनारच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. स्टाइनार पन्नाशीचा, भला माणूस, फक्त तोंडात मिठाची गुळणी.

"स्टाइनार, ओलाउग माझ्यावर रागावलीय का?"

तो डब्यांवर किमती चिकटवत होता. आणखी तीन डबे झाले.

"रागावलीय असं नाही म्हणता येणार."

"मग खूश आहे?"

"खूश आहे असंही नाही म्हणता येणार."

"अहो, मग आहे तरी काय?"

"ओलाउग आहे," स्टाइनार म्हणाला आणि मटारच्या डब्यांकडे वळला.

नोमिनने प्राध्यापिकाबाईंना मेल टाकली. उत्तर तत्क्षणी आलं: मी पाच ऑगस्टपर्यंत रानातल्या घरी आहे, उन्हाळ्याच्या शुभेच्छा! सगळा देश रानातल्या घरी जाऊन बसला होता. नोमिनने फोन गादीवर फेकला.

अठ्ठावीस जुलैला ती दूध घ्यायला दुकानात उतरली. दारात दोन म्हातारे समोरासमोर आले. एकाने टोपी जरा मागे सारली आणि म्हणाला, "मागच्या भेटीबद्दल आभार." दुसरा म्हणाला, "तुझेही, तुझेही." मग दोघं बटाट्यांबद्दल बोलून आपापल्या वाटेने गेले.

हे वाक्य नोमिनने पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेतही लिहिलं होतं. तेव्हा तिला ते पुस्तकी वाटलं होतं, ऑस्लोच्या वसतिगृहात तर कोणी म्हणत नसे. आता ते असं बटाट्यांच्या पोत्यापाशी ऐकून तिला हसू आलं.

"मागची भेट कधीची?" तिने स्टाइनारला विचारलं. "काल जेवायला होते का एकमेकांकडे?"

"जानेवारीत," स्टाइनार म्हणाला. "माशाच्या जेवणाला."

"जानेवारीत! आणि आभार आज?"

"मधे भेटले नाहीत ना."

"आणि नसतं म्हटलं तर?"

स्टाइनारने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"नसतं म्हटलं तर… म्हणजे मग मागची भेट चांगली झाली नव्हती. यजमानाला कळतं. पुन्हा तो विषय काढायचा नसतो."

नोमिनच्या हातातलं दूध काउंटरवर टेकलं. शेकोटीपाशी म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत थांबली होती, आणि बायका गप्प झाल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं," स्टाइनार पुटपुटला.

"मग एकाने तरी सांगायचंत की मला! पाच आठवडे, स्टाइनार! मी गवत वाळत घातलं! केक केला!"

"असं कसं सांगायचं?" तो खरंच गोंधळून म्हणाला. "मला वाटलं, तुला खरंच आवडलं नसेल. तुझा प्रश्न आहे तो."

नोमिनने कपाळावर हात मारला. तिच्या घरी रानातून चालत आलेला माणूस तंबूत शिरतो, चहा पितो, जेवतो, उठून जातो. एखादा आभार मानायला लागला तर तिच्या बापाला वाटेल, याला आम्ही परके झालो. आपल्या माणसाचे आभार मानायचे नसतात, हे तिच्या हाडात होतं. आणि म्हातारीला तिने त्या एका संध्याकाळीच आपलं मानलं होतं. दूध तिथेच टाकून ती निघाली, आणि चढावर धाप लागेपर्यंत मनातल्या मनात सबंध खोऱ्याला शिव्या घालत होती. अर्ध्या शिव्या स्वतःला होत्या.

म्हातारी पायरीवर बसून फरसबीच्या शेंगा मोडत होती.

"मागच्या भेटीबद्दल आभार," नोमिन धापा टाकत म्हणाली. "म्हणजे पहिल्या भेटीबद्दल. एकवीस जूनच्या."

शेंग मोडायची थांबली. म्हातारी बघतच राहिली. मग तिच्या तोंडावरचं काहीतरी सुटलं, सैल झालं.

"तुझेही," ती म्हणाली. "तुझेही आभार, पोरी. बस."

नोमिन बसली आणि मग तिला राहवलंच नाही. "तुम्ही मला एकदा विचारायचं तरी! एकदा! मला काय माहीत हे असं म्हणायचं असतं! आमच्याकडे म्हटलं तर लोकांना राग येतो. मला तुमच्यासारखी हाळी जन्मात ऐकायला मिळाली नव्हती. मी रडत होते त्या दिवशी, म्हणून तोंड फिरवलं!"

"रडत होतीस?"

"मग काय!"

म्हातारीने मांडीवरची शेंगांची पाटी हळूच बाजूला ठेवली.

"मला वाटलं, लाज वाटली तुला माझी," ती म्हणाली. "तू शिकलेली. कान तयार. तू ऐकलंस, तोंड फिरवलंस. मग शेकोटीपाशी सगळ्यांदेखत एक शब्द नाही. म्हटलं, झालं. आवाज गेलाय माझा, आणि गावातलं कोणी सांगत नाहीये एवढंच. बाहेरून आलेल्या पोरीने सांगितलं. गाईंना काय, त्यांना सूर थोडाच कळतो."

"अहो, पण मग गवत वाळत घालायला आले, केक आणला…"

"दया आली असेल म्हटलं."

नोमिनला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, कारण तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की सहा वाजत आलेत आणि घंटांचा आवाज कुठूनच येत नाहीये. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. आतली जमीन धुऊन कोरडी केलेली होती.

"गाई कुठायत?"

"गुरुवारी गाडी आली होती," म्हातारी म्हणाली. "कत्तलखान्याची. दागरोस चौदा वर्षांची. कोण घेणार? फ्रोया एकटी राहिली नसती. हाळी घालता येत नाही, तर डोंगरावर गाई ठेवून काय करायचं? रोज तो चढ चढवत नव्हता." तिने हात मांडीला पुसले. "त्यात तुझा काही दोष नाही. आज ना उद्या करायचंच होतं."

आज ना उद्या नव्हे. गुरुवारी केलं होतं. त्याच्या आधीच्या कुठल्याही दिवशी एक वाक्य म्हटलं असतं तर. नोमिनला स्वतःचा, म्हातारीचा, स्टाइनारचा, त्या हसऱ्या सभ्य खोऱ्याचा भयंकर संताप आला. कोणी कोणाशी वाईट वागलं नव्हतं. सगळे मेले एकमेकांना जपत होते.

"आण ते तुझं यंत्र," म्हातारी उठत म्हणाली.

"नको. राहू दे, ओलाउग."

"आण म्हणते ना. तुला पास व्हायचंय की नाही?"

नोमिनने रेकॉर्डर काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं. म्हातारी फाटकापाशी गेली, डोक्याचा रुमाल सारखा केला, एक हात गालाशी नेला आणि हाळी घातली. आवाज कुठेही गेलेला नव्हता. तो उंच चढला, डोंगरावर आपटला, परत आला. दागरोसचं नाव, मग फ्रोयाचं, मग पुन्हा दागरोसचं. पहिल्या संध्याकाळच्याहून चांगली झाली ती. प्रबंध झाला होता.

हाळी संपली. खाली ओढ्याचं पाणी वाहत होतं, एक माशी रेकॉर्डरभोवती घिरट्या घालत होती. नोमिनचं बोट बटणावर होतं. पण म्हातारी मागे वळली नाही. फाटकाची कडी काढून, ते उघडं धरून ती वर उताराकडे बघत उभी होती, आणि नोमिनला बटण दाबवेना.