सिमेंटखालची माती

मुलीच्या घरी गेलो आणि तिच्या खोलीची मागची भिंत करडी, गुळगुळीत दिसली.

ती भिंत मी आणि माझ्या बायकोने बांधली होती. न भाजलेल्या विटांची. माती, वाळू, थोडा चुना, साच्यात दाबून सावलीत वाळवलेल्या. भट्टी नाही, धूर नाही. वर चुन्याचा गिलावा. अशी भिंत ओल घेते तशी सोडतेही. सोडू दिली तर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. बायको गेल्या थंडीत गेली.

"कशी दिसते, मामा?" जावई खुशीत होता. "चुन्याचे सारखे पोपडे निघायचे. म्हटलं, बाळ यायच्या आत सिमेंटचा पक्का गिलावा करून टाकू."

मी भिंत वाजवली. आवाज पोकळ आला. वरच्या चिरेतून पावसाचं पाणी आत गेलेलं, आणि सिमेंट त्याला बाहेर येऊ देत नव्हतं. तळाशी गिलाव्याचा टवका उडाला होता, तिथे खिळा टेकवला. लोण्यात जावा तसा आत गेला. छपराचा सगळा भार याच भिंतीवर, आणि भिंतीला लागून खाटेवर पोर पडलेली, दिवस भरत आलेले.

"ऊठ. बाहेर चल."

"आत्ता तर पाठ टेकलीय, बाबा. आई गेल्यापासून तुम्हाला सगळ्याचीच भीती वाटते. परवा फोनवर गॅसची नळी, काल जिना, आज भिंत!"

"सिमेंट आहे मामा, बिस्कीट नाही," जावई हसला.

खोटं नव्हतं. मी घाबरट झालो होतो. क्षणभर मलाच वाटलं, ही भीती भिंतीची नसेलच. मग खिळा जावयाच्या हातात दिला. त्याने दाबला. त्याचं हसू मावळलं.

"अगं, ऊठ," तो हळूच म्हणाला.

ती हलेना. "म्हणजे पाडणार? आईच्या हातची एकेक वीट आहे यात."

"तूही तिच्याच हातची आहेस," मी म्हणालो. "तुझ्यावर पडली तर तिला काय सांगू?"

ती उठली. अंगणात जाऊन बसली.

आम्ही छपराखाली दोन वाशांचा टेकू दिला. मग छिन्नी घेऊन मी सिमेंट सोडवायला लागलो. जोराने ठोकावं तर भिंत खचायची, हळू ठोकावं तर सिमेंट सुटायचं नाही. एक मोठा पापुद्रा सुटला, तो ओंजळभर काळी चिखलमाती घेऊनच. वर काहीतरी करकरलं. आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो. वासा जरासा वाकला आणि थांबला.

"पडली का?" बाहेरून पोरीचा आवाज आला.

"नाही."

"मग येऊ आत?"

मी भिंतीवर तळवा ठेवला. गार होती, ओली होती.

"नाही," मी म्हणालो. "तू तिथेच बस."