चॅव्ह म्हणजे छावा

क्लबहाऊसच्या टेबलावर दहा पदार्थ होते. नऊ भांड्यांचे तळ दिसू लागले होते. दहावं, सावनीच्या भरल्या वांग्यांचं, काठोकाठ भरलेलं होतं. शेजारचा डाव कोरडा होता.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या शनिवारच्या मराठी वर्गाचं हे वार्षिक जेवण. वर्ग रुपालीच्या घरी भरे. सावनीची नऊ वर्षांची अनया तिथे बाराखडी शिकत होती.

"मम्मा, आर वी चॅव्ह?" अनयानं विचारलं. "राज म्हणाला, त्याची मम्मी म्हणते."

राजची मम्मी म्हणजे रुपालीच. ती हसली. "अगं, आम्ही लंडनला होतो ना, तिथला शब्द. ट्रॅकसूटवाल्या, जरा लाऊड लोकांना म्हणतात. जोक, यार!"

"सावनीकाकू इरकल नेसल्यात, आई," रुपालीची थोरली मुलगी रुचा म्हणाली. तिनं नुकतीच जीवशास्त्राची पदवी घेतली होती. "त्यांचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं, हे तुला गेल्या महिन्यात कळलं. त्याआधी हा शब्द तू एकदाही वापरला नव्हतास."

रुचानं फोनवर शोधलं. ब्रिटनमध्ये ही गरिबांना हिणवायची शिवी. पण शब्द बहुधा रोमानी भाषेतला, अर्थ 'मूल'. रोमानी लोकांचे पूर्वज भारतातून गेलेले. म्हणजे आपल्या 'छावा'चाच हा भाऊबंद. हे कळल्यावर तरी आईला लाज वाटेल, म्हणून तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"बघ!" रुपालीनं टाळी वाजवली. "छावाच म्हटलं की मी! कौतुकच झालं."

सगळे सुटल्यासारखे हसले.

सावनीनं भांड्यावर झाकण लावलं. "गावाकडे निदान आमच्या जातीचं नाव घेऊन दूर बसवायचे, रुचा. तक्रार तरी करता यायची. इथं कशाची करू?"

"अनयाला वर्गातून काढू नका, काकू."

"एका तरी आईबापानं लिहू दे, अनया आमच्या मुलाशेजारी बसेल. शनिवारी दहापर्यंत वाट बघते. तसं आलं, तरच पाठवते."

रुचानं त्याच संध्याकाळी, आपल्या आईवडिलांसकट, सतरा पालकांना 'तसं लिहाल का?' असा संदेश पाठवला. ती स्वतः पालक नव्हती, म्हणून स्वतःला तिनं मोजलं नाही.

शनिवार, सकाळी दहा. संदेश वाचलेले पालक : सतरा. होकार : शून्य.