मूळ कारण

आकडेवारी कार्यालयात तिला सगळे मूळबाई म्हणत. देशभरातून आलेले मृत्यूचे दाखले वाचायचे आणि प्रत्येक मेलेल्या माणसाला एकच कारण द्यायचं, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. डॉक्टर चार-चार कारणं एकाखाली एक लिहीत. ही बया थेट सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवायची. जिथून सुरुवात झाली ते खरं, वरचं सगळं मागाहून आलेलं. मग वर्षाअखेर देशोदेशींचा तक्ता निघे: आपल्याकडे माणसं छातीच्या विकाराने जातात, शेजारच्या देशात रस्त्यांवर, त्यापलीकडे मधुमेहाने. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आणि परदेशात नोकरीला असलेला तिचा थोरला भाऊ गेला. त्याचा दाखला टपालाने घरी आला.

आईने तो टेबलावर तिच्यापुढे सरकवला. "तुझंच काम ना हे? सांग, कशाने गेला माझा पोरगा?"

हृदय बंद पडलं. त्याखाली मूत्रपिंडं निकामी. त्याखाली मधुमेह. बोट सवयीने खाली गेलं. "मधुमेहाने. सुरुवात ज्याने झाली तेच कारण धरतात, आई."

"आणि मधुमेह कशाने झाला?"

"खाण्यापिण्याची आबाळ. एकटा जीव, वेळेवर काही नाही."

"एकटा का होता?"

"नोकरी तिकडे होती म्हणून."

"तिकडे जा म्हणून कोणी सांगितलं?"

तिने दाखल्यावरचं बोट उचललं. दादा नको नको म्हणत असताना आईनेच त्याला हट्टाने धाडलं होतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

"म्हणजे सुरुवात माझ्यापासून," आई म्हणाली. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"अगं, तसं नसतं! डॉक्टरांनी लिहिलंय तिथेच थांबायचं."

"का?"

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. नियम होता की नुसता कागद संपत होता? "इथे राहिला असता तर छातीने गेला असता. आपल्याकडे तेच जास्त आहे," असं काहीतरी ती बरळली आणि स्वतःचीच तिला लाज वाटली. आईला यातून सोडवायचं कसं, काही सुचेना. तोंडातून निघाला तो कामातला रोजचाच प्रश्न, त्याच्याही आधी काय.

"पण तू त्याला पाठवलंस कशासाठी?"

आईने हळूच नजर दुसरीकडे वळवली.

दादा परदेशी नोकरीला निघाला ते साल तिने मनात आणलं. त्याच साली तिचं कॉलेज सुरू झालं होतं, शहरातलं, महागडं. फी कुठून येते हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"आई..."

आईने दाखला पटकन ओढून घेतला, चार घड्या घातल्या. "मधुमेहाने गेला," ती ठासून म्हणाली. "डॉक्टरांनी लिहिलंय तसं. ऊठ, तोंड धुऊन घे."