बन्सीधर कुठं बसला होता

ट्रकनं धडक दिली तेव्हा बन्सीधर मोटारसायकलवर होता.

नव्हता. पण पोलिसांच्या जबाबात तसं लिहिलं गेलं. बन्सीधर बेशुद्ध, म्हणून जबाब दिला त्याचा चुलत भाऊ व्यंकटराव यानं. गावाला हागणदारीमुक्तीचा पुरस्कार मिळाला तेव्हा हाच सरपंच होता. फेटा बांधून काढलेला त्याचा फोटो अजून ग्रामपंचायतीत टांगलेला होता, आणि त्या फोटोतलं तोंड बन्सीधरच्या बायकोला, कस्तुराबाईला, आधीपासूनच बघवत नव्हतं.

खरं असं झालं. भल्या सकाळी बन्सीधर वालूर रस्त्याच्या कडेला, डांबरापासून चांगला लांब, टमरेल घेऊन बसला होता. घरी संडास होता. त्यात सरकी पेंडीची पोती होती. कापसाच्या गाठी भरलेला ट्रक आला, ड्रायव्हरला डुलकी लागलेली, ट्रक डांबर सोडून खाली उतरला आणि बन्सीधरचा खुबा मोडून बाभळीला जाऊन थटला.

भाऊ बेशुद्ध पडलाय, आणि या माणसाला काळजी कशाची, तर गावाच्या नावाची!

"वयनी, कुनालाबी बोलू नका. पेपरात आलं तर? पुरस्काराचं गाव आन् मानूस रस्त्याकडंला बसलेला!"

कस्तुराबाई तेव्हा गप्प बसली. नवरा जगतो का मरतो, हेच कळत नव्हतं.

दाव्याआधी काय माहीत असावं : पहिला भाग

परभणीच्या दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण एक बिस्किटाचा पुडा आणि एक कायदा घेऊन यायचा. एक म्हणाला, कोर्टात जाऊच नका, ट्रकमालकाशी बसून मिटवा. दुसरा म्हणाला, कोऱ्या कागदावर अंगठा देऊन ठेवा, मी बघतो पुढचं. तिसऱ्यानं तर खाटेवरच्या माणसादेखत सांगितलं, की पाय काढावा लागला तर केस भक्कम होते. सांगणाऱ्याचे दोन्ही पाय शाबूत होते.

कस्तुराबाईनं बिस्किटं ठेवून घेतली आणि माणसं वाटेला लावली. खुब्याचं दुसरं ऑपरेशन झालं नाही तर बन्सीधर पुन्हा उभा राहणार नव्हता. त्याला पैसा लागणार होता, आणि तो पुड्यातून निघणार नव्हता.

दुसरा भाग, जो आधी कळायला पाहिजे होता

परभणीच्या वकील मंजुषाताई. त्यांनी कागद बघितले.

"ट्रकचा नंबर आहे. विमा चालू होता. ड्रायव्हरचं लायसन आहे. दवाखान्याची सगळी बिलं जपलीत, छान. पुढं अपंगत्वाचा दाखला लागेल. बरं, मोटारसायकल कुठंय?"

"घरी."

"मोडली असेल ना?"

"न्हाई. काल बाजारला नेलती."

मंजुषाताईंनी पेन खाली ठेवलं. "पंचनाम्यात मोटारसायकल नाही. एक काच नाही, एक ओरखडा नाही. यांचं लायसन?"

"काढलंच न्हाई."

"मग विमा कंपनीला आयतं जेवण वाढलंत. गाडी होती म्हणाल तर बिनलायसन चालवत होता. नव्हती म्हणाल तर दावाच खोटा. खरं काय ते सांगा बाई."

कस्तुराबाईनं सांगितलं. लाजली नाही. लाजायला ती थोडीच बसली होती तिथं!

मंजुषाताईंनी कपाळाला हात लावला. "डांबराबाहेर बसलेला माणूस. त्याची कसली चूक? खरं बोलला असता तर प्रश्नच नव्हता. शहाण्या माणसांनी चालती केस मारली. आता पुरवणी जबाब द्या. आणि डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार आणा, कारण जबाब फिरवला की कंपनी खोटं ठरवणार. सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचाय, झोपा काढू नका."

हातोडा

ती घरी आली तर अंगणात व्यंकटराव मोटारसायकलपुढं उकिडवा बसलेला, हातात हातोडा. ठाक. दिवा फुटला. ठाक. आरसा गेला.

"काय करायलाव, भाऊजी?"

"पुरावा करायलोय, वयनी. इमा कंपनीचा मानूस चार दिसांनी येनार हाय."

"आन् टाकीवर रक्त कुनाचं लावताव? कोंबडीचं?"

खरंच, त्याच्या मनात ते आलेलं दिसलं.

तिनं वकिलीणबाईंचं सगळं सांगितलं. व्यंकटराव ताडकन उठला. "समद्या गावाचं नाक कापताव, वयनी!"

"गावाचं नाक जागेवर हाय. माज्या नवऱ्याचा खुबा जागेवर न्हाई."

हातोडा तिथंच टाकून तो निघून गेला. जाताना म्हणाला, "साक्षीदार कुटून आनताव तेबी बघतो."

साक्षीदार

"तुमच्या जवळ कोन बसलं हुतं?" दवाखान्यातून घरी आणलेल्या बन्सीधरला तिनं आत जाऊन विचारलं.

बन्सीधरनं पाणी मागितलं.

"मी इचारायलेय."

"व्यंकट."

"कोन?"

"व्यंकटच. बाजूलाच हुता. ट्रक उतरलेला त्येनं आधी बघितला. उटून पळाला." तो थांबला. "एक हाक मारली आसती तर मीबी उटलो आसतो."

"आन् इतके दिस तुमी गप?"

"भाऊ हाय. त्येची इज्जत..."

कस्तुराबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पांघरूण वर ओढलं. एक भाऊ पळाला, दुसऱ्यानं त्याच्या पळण्यावर पांघरूण घातलं. दोघांत मिळून एक माणूस होत नव्हता.

"उंद्या हवालदार इथंच येनार हाय जबाबाला," ती म्हणाली. "तुमी न्हाई बोलला तर मी बोलते. मग दवाखान्यात दुसरं कुनीतरी बघा संगं यायला."

पुरवणी

हवालदार आला. कुणी न बोलावता व्यंकटरावही आला, आणि घरात एकच खुर्ची होती तीवर बसला. हवालदार पोत्यावर. दारात निम्मी गल्ली.

बन्सीधर बोलला. अडखळत, पण बोलला.

"शेजारी कोण होतं?" हवालदारानं विचारलं.

बन्सीधरनं मान वळवली. व्यंकटराव खुर्चीवरून उठला. "मला जरा सोनपेठला जायचंय."

"बसा भाऊजी," कस्तुराबाई म्हणाली. "हवालदारसायेब, लिवा. व्यंकटराव, माजी सरपंच. शेजारीच हुते."

दारातून कुणीतरी फिसकन हसलं. व्यंकटरावाचा चेहरा पिठासारखा झाला. ज्या गल्लीसाठी त्यानं खोटं रचलं, ती सगळी गल्ली रोज सकाळी त्याच रस्त्याला भेटत होती. कुणाला काय नवीन कळणार होतं?

"सायेब," तो हळू आवाजात म्हणाला, "आमी फिरायला गेलतो आसं लिवता येईल का?"

"मग ट्रक आला तेव्हा काय करत होता? चालत?"

व्यंकटरावानं बन्सीधरकडं बघितलं. बन्सीधर त्याच्याकडं बघत होता. या वेळी त्यानं पांघरूण ओढलं नाही.

"बसलो हुतो," व्यंकटराव म्हणाला.

"मोठ्यानं बोला. आणि ट्रक दिसल्यावर काय केलं?"

"पळालो."

"याला आवाज दिला?"

"न्हाई."

हवालदारानं लिहिलं आणि सगळं वाचून दाखवलं. कस्तुराबाईनं ते उभ्यानं ऐकलं, मग मंजुषाताईंना फोन लावला.

"ताई, साक्षीदार गावला. घरचाच हाय. कोर्टात आनायचा तर पुडं घालूनच आनावा लागंल, मागं ठिवला तर पळतंय."