पारा उतरला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना वायुदाबमापक आहे. काचेची उंच नळी, आत पारा आणि शेजारी पितळेची पट्टी, एवढाच माझा संसार. बंदरावरच्या वेधशाळेत, ऊन लागणार नाही अशा भिंतीवर मी टांगलेला आहे.

पूर्वी या किनाऱ्यावर मासेमारीचा अख्खा ताफा वादळात बुडाला. घराघरांत आकांत झाला, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि देशाचे हवामान खाते उभे राहिले. डोंगरांवर, मैदानांत, बेटांवर केंद्रे निघाली. सगळ्यांनी एकाच वेळी नोंद घ्यायची, ती मुख्य कार्यालयाला कळवायची, तिथे नकाशा काढायचा आणि धोका दिसला की बंदरांना इशारा द्यायचा, अशी घडी बसली. त्याच सुमारास एका काच फुंकणाऱ्या कारागिराने मला घडवले. मी एकटा फारसे सांगू शकत नाही. दूरच्या भावंडांचे आकडे माझ्या आकड्याला येऊन मिळाले, तरच वादळ कुठे दबा धरून बसले आहे ते कळते.

माझी निगा राखणाऱ्या निरीक्षक बाईंना धक्क्यावरचे लोक पाराताई म्हणत. "ताई, आज पारा कुणावर चढलाय?" असे कुणी विचारले की त्या म्हणत, "तुझ्यावरच!"

पुढे खर्च वाचवायला आमच्या समोरच्या बेटावरचे केंद्र बंद झाले. कुणाला फारसे काही वाटले नाही.

एका स्वच्छ दुपारी माझा पारा उतरू लागला. समुद्र तेलासारखा संथ होता. आकाशात पक्षी मात्र एकही नव्हता. ताईंनी माझ्या काचेवर हलकेच टकटक केली. पारा आणखी खाली गेला. त्यांनी फोन उचलला.

"साहेब, दाब भराभर पडतोय. इशारा द्या."

"बेटावरचा आकडा असता तर लगेच दिला असता," पलीकडचे अधिकारी म्हणाले. "तुमच्या एकट्या आकड्यावर नकाशा कसा काढू? मागचा इशारा खोटा ठरला, लोकांनी आमच्या तोंडात शेण घातलं. पुढच्या नोंदीपर्यंत थांबा."

"माझा धाकटा भाऊ होडी घेऊन बाहेर गेलाय, साहेब. वादळ थोडंच नोंदीसाठी थांबणार आहे?"

ताई फोन ठेवून धक्क्यावर धावत गेल्या आणि त्यांनी परवानगीशिवाय धोक्याचा बावटा चढवला. जवळच्या होड्या तो पाहून माघारी फिरल्या. भाऊ फार पुढे गेला होता.

मग आभाळ तांब्यासारखे झाले. खिडक्यांची तावदाने फुटली, भिंत थरथरली. माझा पारा पुन्हा चढू लागला, तेव्हा बंदराच्या तोंडाशी फळ्या तरंगत होत्या. भाऊ परत आला नाही.

नोंदीच्या वेळी ताई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आकडा त्यांनी बिनचूक कळवला. काही दिवसांनी ते अधिकारी स्वतः आले. "ताई, मी..." एवढेच बोलले.

"आधी बेटावर माणूस पाठवा," ताई म्हणाल्या.

माणूस गेला. केंद्र उघडले. त्याला बरीच वर्षे झाली. ताईही आता नाहीत आणि इथे येणारे लोक पुन्हा केंद्रे कमी करण्याच्या गोष्टी बोलतात. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, पण माझ्या दूरच्या भावंडांना बंद पडू देऊ नका. जिथून आकडा येत नाही, तिथे सगळे ठीक आहे असे कधीही समजू नका.