सदतीस अंशांची ऊब

या, पुढे सरका. आजची गोष्ट उबेची आहे, ती लांब बसून ऐकायची नाही. ऐकून झाली की मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागणार आहे.

एक मोठी संशोधन संस्था होती. एका छपराखाली सतरा विद्या. कुणी तारे पाही, कुणी दगड फोडी, कुणी झाडांची दुखणी शोधी. वरचा काय करतो ते खालच्याला ठाऊक नसे. जिन्यात भेट झाली तर मान हलवायची, झालं.

दुसऱ्या मजल्यावर पेशीमामा होते. एकोणीस वर्षं त्यांनी एकाच मुलीच्या पेशी काचेत वाढवल्या होत्या. नऊ वर्षांची ती पोर, आजार असा की जगात मोजक्यांनाच होतो. तिच्या गाठीतला तांदळाएवढा कण मामा न्यायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "ते माझंच आहे ना? मग त्याला थंडी वाजू देऊ नका हं."

"नाही वाजू देणार, बाळा," मामा म्हणाले.

पोर वर्षही काढू शकली नाही. पेशी मात्र वाढत राहिल्या, आणि त्या आजारावरची औषधं त्यांच्यावरच तपासली जाऊ लागली. दर तिसऱ्या दिवशी त्यांचं लालसर पोषणपाणी बदलायचं, त्यांना सदतीस अंशांच्या कपाटात ठेवायचं. मामांनी त्यासाठी सख्ख्या मेहुणीचं लग्न चुकवलं. मामी सगळ्यांना सांगत, माझी सवत कपाटात राहते, आणि माझ्यापेक्षा वेळेवर जेवते. मामा बाटल्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. सतरा हात लागले की सत्यानाश, हे त्यांचं ब्रीद.

त्या हिवाळ्यात वादळ आलं. नदी कुंपण ओलांडून आत शिरली. तळघरातलं जनित्र बुडालं, गोठवून ठेवलेला पेशींचा राखीव साठाही गेला. तारा तुटल्या. तीन दिवस तरी वीज नाही, असा निरोप आला. कपाटाचा काटा सदतीसवरून चौतिसावर आला, मग एकतिसावर. उरल्या होत्या त्या तळहाताएवढ्या सोळा चपट्या बाटल्या. मामांनी त्यांची बुचं घट्ट आवळली, चार बाटल्या सदऱ्याच्या आत पोटाशी बांधल्या आणि उरलेल्या बारांकडे पाहत उभे राहिले. पोट एकच, त्याला काय करणार?

देवाची करणी बघा. कुणी काळा, कुणी गोरा, कुणी राव, कुणी रंक, पण आतली शेगडी त्यानं सगळ्यांची एकाच आचेवर ठेवली आहे. सदतीस अंश. मामांना हे एकोणीस वर्षं पाठ होतं, पण कळलं त्या सकाळी.

ते जिन्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मदत मागितली. दगडवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "माझे दगड कोट्यवधी वर्षं थांबलेत, आणखी तीन दिवस थांबतील. द्या इकडे, आणि असे सुनेला सासूनं बघावं तसे बघू नका."

मग रांगच लागली. हवामानवाला तापमापक घेऊन प्रत्येकाची काख तपासू लागला. आकाशातले तारे बघणारा तारेवाला इतका किडकिडीत, की याच्यात ऊब कुठली, म्हणून सगळे हसले. काटा मात्र बरोबर सदतिसावर गेला. संचालकबाई दोन बाटल्या घेऊन खुडूक कोंबडीसारख्या खुर्चीत बसल्या, त्या उठेचनात. झाडांच्या डॉक्टरला अंगात ताप होता. त्यानं तो लपवला, पण काट्यानं चुगली केली. इतक्या आचेत पेशी मरतील, म्हणून त्याला बाजूला काढलं, तर पाण्यानं डोळे भरले बिचाऱ्याचे. मामांनीच त्याला सगळ्यांसाठी पाणी तापवायला बसवलं.

तीन दिवस कुणी पालथं निजलं नाही, कुणी धावलं नाही, शिंक आली तरी छातीवर हात धरून दिली. मामा मजल्यामजल्यावर फिरत, पण बाटली मागत नसत. नुसतं विचारत, उबदार आहे ना?

तिसऱ्या दिवशी दुपारी दगडवाल्या बाईंनी आपली बाटली काढली. लाल पाणी पिवळसर झालं होतं. पेशी जगत असतील, खातपीत असतील, तरच ते पाणी पिवळं होतं. मामांनी बाटली खिडकीच्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एक पेशी मधोमध आवळली जात होती. बघता बघता एकीच्या दोन झाल्या.

मामा बाजूला झाले आणि एकेकाला बघायला बोलावलं. सतरा विद्यांचे लोक रांगेनं वाकले आणि बघितलं. तेवढ्यात दिवे लागले. कपाट पुन्हा गुणगुणू लागलं. तारेवाल्याची बाटली परत घ्यायला मामांनी हात पुढे केला, तर त्यानं सदऱ्याचं बटण आणखी एक लावलं. "कपाट नीट तापू दे, मामा. तोवर असू दे," तो म्हणाला.

मामांनी हात मागे घेतला.

आता माझं मागणं. त्या मुलीचं नाव संस्थेच्या वहीत नाही, नुसता आकडा आहे. थंडीत कधी कुणाला पोटाशी धराल, तेव्हा तिची आठवण काढा.