दहापर्यंत तू, पुढचं मी

मी मॅगझिन बोलतेय. न्हाव्याच्या दुकानात चाळतात ते रंगीत चित्रांचं नव्हे. मी रायफलीच्या पोटाखाली खटकन बसणारी, गोळ्यांची पत्र्याची पेटी. माझं नाव काढलं की लोक एकतर आवाज चढवतात, नाहीतर गप्प होतात. पण माझी ओळख एका लहान मुलीच्या अंगठ्यापासून सुरू होते.

कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं, पोटात स्प्रिंग घातली, काळा रंग दिला. तीस गोळ्या मावतील एवढं माझं पोट. बंदुकांच्या जत्रेत मर्ल टॉलफ्सननं मला उचललं आणि अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याच्या पूर्व भागात, गव्हाच्या टापूतल्या आपल्या शेतावर आणलं.

मर्लची बायको लवकर गेली. घरात तो आणि सात वर्षांची कर्स्टन. रविवारी चर्चनंतर दोघं टेकडीमागे डबे मांडून नेम धरायला जायची. मला भरायचं काम कर्स्टनचं. माझी स्प्रिंग सुरुवातीला मऊ असते. जसजशा गोळ्या भराव्यात तसतशी ती उलट रेटू लागते. कर्स्टन मोठ्यानं मोजायची. दहाव्या गोळीला तिचा अंगठा लालबुंद व्हायचा.

"बाबा, दुखतंय!"

"बघू. फूऽऽ! दहापर्यंत तू, पुढचं मी."

आणि उरलेल्या तो भरायचा. असे कितीतरी रविवार गेले.

कर्स्टन मोठी झाली, गावातल्याच शाळेत शिक्षिका झाली. टेकडीमागे जाणं हळूहळू थांबलं आणि मी खणात पडून राहिले. रविवारचं जेवण मात्र चुकलं नाही. ती बटाटे करपवायची, तो मुकाट्यानं खायचा.

मग राज्यात माझ्यावरूनच वाद पेटला. दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन नकोत, असा कायदा करा, म्हणून सह्या गोळा होऊ लागल्या. वाणसामानाच्या दुकानासमोर टेबल टाकून सह्या घेणारी होती कर्स्टन. मर्ल तिच्यासमोरून गेला, पण टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या रविवारी ती जेवायला आली नाही. पुढच्याही नाही. खणाच्या फटीतून जेवणाच्या टेबलावर एकच ताट दिसायचं. मला वाटायचं, मी या घरात आलेच नसते तर बरं झालं असतं.

गावातल्या शेतकऱ्यांच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकायला आमदार आले. मर्लनं मला रिकामीच कोटाच्या खिशात घातलं. दारात शेजारचा वेंडेल भेटला.

"काय मर्ल, घरात दोन पक्ष झालेत म्हणे. चूल पण वेगळी केलीस का?"

"तुझ्या घरात तरी कुठे एक पक्ष आहे? बायकोचं मत विचारायची हिंमत नाही तुला, म्हणून शांतता आहे."

मर्लची पाळी आली. त्यानं मला वर धरलं. "ही माझ्याकडे वर्षानुवर्षं आहे. हिनं कुणाचं वाईट केलेलं नाही. मी एकटा राहतो. रात्री कुणी दार फोडलं तर शेरीफच्या पोलिसांना पोचायला पाऊण तास लागतो. तोवर मी काय मोजत बसू? वाईट माणूस कायदा पाळत नाही. थांबायला लावाल ते मलाच."

टाळ्या पडल्या. मग कर्स्टन उठली.

"कुणी बंदूक घेऊन शाळेत घुसलं तर म्हणून माझ्या वर्गातली मुलं कपाटाआड लपायचा सराव करतात. एकाला शिंक आली, तर बाकीची त्याच्यावर रागावली. सहा वर्षांची आहेत हो ती! मारणाऱ्याला थांबून दुसरी मॅगझिन लावावी लागली, तर तेवढ्यात काही मुलं मागच्या दारातून सुटतील. सगळी नाही, पण काही." तिनं मर्लच्या हातातल्या माझ्याकडे बोट केलं. "ही पेटी मी लहानपणी भरायचे. दहापर्यंतच यायचं मला. पुढचं माझे बाबा भरायचे."

टाळ्या पडल्या की नाही, आठवत नाही. मर्लची मूठ माझ्याभोवती आवळली होती.

दोन-तीन दिवसांनी त्यानं मला खणातून काढलं, शेडमध्ये नेलं, भोक पाडलं आणि आत एक आडवा रिव्हेट, जाड खिळाच म्हणा, ठोकला. आता अकरावी गोळी माझ्यात जातच नाही. मला दुखलं का? दुखलं. पण त्याचे हात फार जपून चालले होते. मग त्यानं फोन लावला.

"पोरी, मी मत बदललेलं नाही. सरकारनं सांगितलेलं मला नकोच आहे. हे मी माझ्या मनानं केलं. रविवारी येतेस का? बटाटे आणलेत."

ती आली.

पुढे कायदा झाला, पण त्याचं भांडण अजून कोर्टात चालू आहे. त्या दोघांचंही चालू आहे, पण जेवताना. मर्लची बोटं आता वाकडी झालीत. परवा खूप वर्षांनी दोघं टेकडीमागे गेली. कर्स्टननं मला भरायला घेतलं, मोठ्यानं मोजत. दहा झाल्या. मर्लनं सवयीनं हात पुढे केला.

"आण. पुढचं मी."

"पुढचं नाहीये, बाबा. तूच बंद केलंस ना?"

"अरे हो की."

पण हात त्यानं मागे घेतला नाही. तिनं मला गवतावर ठेवलं आणि आपला अंगठा त्याच्यासमोर धरला. त्यानं फुंकर मारली.

माझ्या नावानं भांडणाऱ्यांनो, खुशाल भांडा. भांडून झालं की जेवायला मात्र एकाच टेबलावर बसा. मी इथे गवतात पडून आहे, आणि मला काहीही घाई नाही.